पन्नाशीनंतरची हजेरी

जर्मनीत चॅन्सलर बिस्मार्क यांच्या अमदानीत, १८८९ साली, कामगारांसाठी वार्धक्यवेतनाचा कायदा मंजूर झाला, तेव्हा त्या वेतनास पात्र होण्यासाठी वयाची सत्तर वर्षे पुरी व्हावी लागत. पुढे १९१६ साली ही अट पासष्ट वर्षांवर आली, आणि निरनिराळ्या देशांच्या सरकारांनी आपापल्या तिजोरीचा व मनुष्यबळाचा अंदाज घेऊन तीत आपल्या सोयीप्रमाणे फेरफार केले. आज आपल्याकडे केंद्र सरकारचा नोकर साठाव्या वर्षी, तर महाराष्ट्र शासनाचा बहुतेक नोकरवर्ग अठ्ठावन्नाव्या वर्षी सेवानिवृत्त होतो. यांपैकी एकही आकडा वैद्यकाने ठरवून दिलेला नाही. ते सारे कचेरीच्या बंदोबस्ताचे आकडे आहेत. परंतु वर्षानुवर्षे ज्या आकड्याच्या रोखाने चालत आलो, तो आकडा गाठताच मनुष्य आपल्या देहाविषयी आणि आपल्या उपयुक्ततेविषयी असा काही निवाडा देऊन मोकळा होतो, की जणू नाडी पाहून कोणा धन्वंतरीनेच तो त्याला सांगितला असावा. हा निवाडा चुकीचा आहे, आणि तो अपरिवर्तनीय तर मुळीच नाही, हे या प्रकरणात सांगावयाचे आहे.

स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीच्या घरात पोहोचले आहे. त्या काळच्या सरासरीत बालमृत्यूंचा वाटा फार मोठा होता, म्हणून त्या वेळी साठी कोणी पाहतच नसे असा अर्थ काढणे योग्य होणार नाही. तथापि पन्नाशी ओलांडल्यावर आणखी पंचवीस वर्षे हाती असणे ही गोष्ट पूर्वी थोड्यांच्या वाट्याला येई, ती आता सर्वसाधारण झाली आहे, यात शंका नाही. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षे पूर्ण केलेल्यांची संख्या दहा कोटींवर गेली होती. म्हणजे नोकरीनंतरही बराच मोठा काळ उरणार, आणि त्याची पूर्वतयारी मात्र बहुतेक कुटुंबांत निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, विम्याची मुदत आणि घराचे हप्ते यांपलीकडे गेलेली नसते.

नोकरी सुटते तेव्हा पगार कमी होतो, हे सर्वांच्या ध्यानात येते. त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी हातातून जातात, त्यांचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही. स्थानकापर्यंत चालणे, जिने चढणे, गाडीत उभे राहणे, या टेबलाकडून त्या टेबलाकडे जाणे, ही जी हालचाल पोटापाण्यासाठी नाइलाजाने घडत होती, ती पहिली. आणि आवडो वा न आवडो, पण दिवसातून पन्नास माणसांशी जे बोलणे होत होते, ते दुसरे. कचेरीच्या हजेरीपटाचा जाच वाटत असला, तरी त्याने एक मोठी गोष्ट साधलेली असते: आपण एक दिवस गेलो नाही, तर का आलो नाही हे विचारणारे कोणीतरी असते. सेवानिवृत्तीनंतर हा पट मिटतो. पन्नाशीनंतर निरोगी व प्रसन्न राहण्याचा सारा प्रश्न, माझ्या मते, हा पट स्वतःच्या हाताने पुन्हा उघडण्याचा प्रश्न आहे. कारण शरीराची हालचाल आणि माणसांची संगत हे दोन स्वतंत्र विषय नसून, ज्या व्यवस्थेत ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी, आपली वाट पाहणाऱ्या माणसांकडे आपले आपण चालत जावे लागते, त्या एकाच व्यवस्थेत ते दोन्ही साधतात.

विश्रांती आणि देह

ज्या कामाची शरीराकडे मागणी होत नाही, त्या कामाची तरतूद शरीर फार काळ जतन करून ठेवीत नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायूंचा सुमारे तीन ते आठ टक्के भाग कमी होत जातो, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. परंतु या क्षयातील केवळ वयामुळे घडणारा भाग किती आणि बसून राहण्यामुळे घडणारा भाग किती, हे ठरविणे पूर्वी कठीण होते. या प्रश्नावर अमेरिकेतील डॅलस येथे झालेल्या एका प्रयोगाने फार मोलाचा प्रकाश टाकला. १९६६ साली तेथील वैद्यकीय संशोधकांनी वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे सक्तीने अंथरुणावर झोपवून ठेवले, आणि कष्ट करीत असता प्राणवायू वापरण्याची त्यांची क्षमता आधी व नंतर मोजली. ती तेवढ्या अल्पावधीत एक चतुर्थांशाहून अधिक घटली होती. तीस वर्षांनी, हेच पाच जण पन्नाशीला पोहोचले असता, त्यांची पुन्हा तपासणी झाली. तेव्हा असे दिसले, की तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांच्या क्षमतेची जेवढी हानी केली होती, त्यापेक्षा अधिक हानी तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने केली होती. त्यानंतर त्यांना सहा महिने चालणे, संथ धावणे, सायकल चालविणे असा क्रमाक्रमाने वाढत जाणारा व्यायाम देण्यात आला, आणि त्यांची क्षमता तरुणपणी अंथरुणावर पडण्यापूर्वी जेवढी होती तेथवर परत आली. पाच जणांवरून जगाविषयीचा नियम सांगता येत नाही हे खरे. परंतु एकाच देहाचे विसावे वर्ष आणि पन्नासावे वर्ष असे शेजारी ठेवून पाहण्याची संधी विज्ञानाला क्वचितच मिळते, म्हणून या पाच जणांच्या साक्षीचे वजन त्यांच्या संख्येपेक्षा मोठे आहे.

त्याही आधी, १९५३ साली, जेरी मॉरिस या ब्रिटिश वैद्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली होती. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच वर्गातून आलेले, एकाच गाडीवर नोकरी करणारे; फरक इतकाच, की ड्रायव्हर दिवसभर बैठकीवर बसून असे, तर कंडक्टर तिकिटे फाडीत दिवसातून शेकडो पायऱ्या चढे व उतरे. हृदयविकाराचे प्रमाण कंडक्टरांत लक्षणीय रीतीने कमी आढळले, आणि विकार जडलाच तर तो उतारवयात व सौम्य स्वरूपात जडे. ड्रायव्हर मुळातच अधिक स्थूल असत, हा आक्षेप पुढे निघाला व मॉरिसने त्याचाही विचार केला; परंतु त्यानंतरच्या दशकांत देशोदेशी झालेल्या पाहण्यांनी त्याचा मूळ निष्कर्ष बळकटच केला.

'आता फार उशीर झाला' असे म्हणणाऱ्यांसाठी बॉस्टन येथील एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या, शुश्रूषागृहात राहणाऱ्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांच्या स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम, अर्थात देखरेखीखाली, देण्यात आला. एकाने तो मध्येच सोडला. उरलेल्या नऊ जणांच्या स्नायूंचे बळ सरासरीने जवळजवळ पावणेतीनपट झाले. नव्वदीच्या स्नायूंनाही मागणीला प्रतिसाद देता येतो, तर पन्नाशीच्या स्नायूंनी तो द्यावा अशी अपेक्षा धरणे अवाजवी नाही.

मग ही मागणी किती असावी? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेले प्रमाण असे आहे: आठवड्यातून दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम गतीची हालचाल, निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, आणि पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. मध्यम गती ओळखण्याची खूण सोपी आहे: चालता चालता सोबत्याशी बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये. वजनासाठी लोखंडच उचलले पाहिजे असे नाही; आधाराशिवाय खुर्चीवरून दहा-बारा वेळा उठणे व बसणे, भिंतीला हात टेकून केलेले जोर, आणि प्रकृतीला मानवत असतील तर संथ सूर्यनमस्कार, हा आरंभ पुरेसा आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन आपल्या संस्थानातील शाळाशाळांतून त्याचा प्रसार केला, आणि स्वतः उतारवयापर्यंत तो नेमाने चालविला, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊकच आहे.

आपल्या घरांतून नकळत नाहीशी झालेली एक सवय येथे आवर्जून सांगितली पाहिजे. ब्राझीलमधील क्लॉडिओ अराउजो या वैद्याने एक्कावन्न ते ऐंशी वर्षांच्या सुमारे दोन हजार स्त्रीपुरुषांना जमिनीवर बसून पुन्हा उठण्यास सांगितले, आणि हात, गुडघा वा मांडी यांचा आधार जितक्या वेळा घ्यावा लागला, तितके गुण दहांतून वजा केले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत, ज्यांना कमी गुण मिळाले त्यांच्यात पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण पुष्कळ अधिक आढळले. जमिनीवरून उठता न येणे हे मरणाचे कारण नव्हे. ते बळ, लवचीकपणा आणि तोल या तिन्ही गोष्टी एकदम ढासळल्याचे लक्षण आहे. ज्या महाराष्ट्रात पाटावरची पंगत, देवघरापुढची मांडी आणि सतरंजीवरची बैठक यांनी हा व्यायाम दिवसातून कितीतरी वेळा आपोआप घडवून आणला, तेथे गुडघे धड असतानाही पन्नाशीपूर्वीच जमिनीशी फारकत घेणे हा हाताने ओढवून घेतलेला तोटा आहे.

संगतीचे बळ

व्यायामाने आयुष्य वाढते हे ऐकून कोणास आश्चर्य वाटत नाही. स्नेहसंबंधांनीही ते वाढते, आणि जवळजवळ तितक्याच प्रमाणात वाढते, हे मात्र वैद्यकाला फार उशिरा उमगले. कॅलिफोर्नियातील अलामीडा परगण्यात १९६५ साली ६,९२८ प्रौढ स्त्रीपुरुषांची पाहणी झाली, आणि पुढील नऊ वर्षे त्यांतील कोण जगले व कोण दगावले याची नोंद ठेवण्यात आली. लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी १९७९ साली या नोंदींवरून असे दाखवून दिले, की वैवाहिक सोबत, आप्त व मित्र, धार्मिक मंडळ आणि इतर संस्था या चार प्रकारच्या संबंधांना जे सर्वाधिक पारखे होते, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण संबंधसंपन्न लोकांच्या दुपटीहून अधिक होते. आजारी माणूसच एकटा पडतो, म्हणून एकटेपणा हे कारण नसून परिणाम असेल, ही शंका रास्त आहे. परंतु आरंभीचे आरोग्य, धूम्रपान, मद्यपान आणि सांपत्तिक स्थिती यांचा हिशेब वेगळा काढल्यावरही हा संबंध टिकून राहिला. पुढे २०१० साली अशा १४८ पाहण्यांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करण्यात आली, तेव्हा दृढ सामाजिक संबंध असणाऱ्यांची त्या त्या मुदतीत जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे पन्नास टक्क्यांनी अधिक ठरली.

हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली आरंभिलेली एक पाहणी तर आमच्या विषयाशी विशेषच निगडित आहे. विद्यापीठाचे विद्यार्थी आणि बॉस्टनच्या दरिद्री वस्त्यांतील मुलगे मिळून ७२४ जणांच्या जीवनक्रमाचा मागोवा तीत तरुणपणापासून वार्धक्यापर्यंत घेण्यात आला. या लोकांची ऐंशीव्या वर्षीची प्रकृती कशी असेल याचा अंदाज त्यांच्या पन्नासाव्या वर्षीच्या रक्तातील चरबीवरून जेवढा येई, त्याहून अधिक चांगला त्यांच्या पन्नासाव्या वर्षीच्या स्नेहसंबंधांवरून येई. जे पन्नाशीत आपल्या माणसांविषयी समाधानी होते, ते ऐंशीत अधिक निरोगी होते. संगतीची बेगमी साठीनंतर करू असे म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष ध्यानात ठेवावा.

हे कसे घडते, याचा उलगडा काही अंशी अगदी व्यवहारातला आहे. ज्याच्या घरी माणसांचे येणेजाणे असते, त्याचा चेहरा उतरलेला कोणाच्या तरी नजरेस पडतो, त्याचे औषध चुकले तर कोणी तरी आठवण करते, त्याच्या पानात दोन पदार्थ अधिक पडतात, आणि कोणाकडे जावयाचे म्हणून का होईना, तो स्वच्छ कपडे करून घराबाहेर पडतो. उरलेला अंश देहाच्या आतला आहे: दीर्घ एकाकीपणात शरीर सतत धास्तावल्यासारखे राहते, झोप उथळ होते, रक्तदाब चढा राहतो, आणि रोगाला तोंड देण्याची शक्ती उणावते. बुद्धीच्या बाबतीतही हेच दिसते. स्मृतिभ्रंशाचा अभ्यास करणाऱ्या 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी चौदा कारणे नोंदविली, त्यांत शरीराची निष्क्रियता आणि सामाजिक एकाकीपणा ही दोन्ही आहेत. त्याच यादीत बहिरेपणही आहे, आणि त्याचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. कारण ज्याला नीट ऐकू येत नाही, तो प्रथम मोठ्या समुदायातून, मग घरच्या गप्पांतून आणि अखेरीस मित्रांमधून हळूहळू अंग काढून घेतो, आणि घरची माणसे त्याला 'स्वभाव बदलला' असे म्हणतात. चष्मा लावण्यात जो संकोच आता कोणाला वाटत नाही, तो श्रवणयंत्राच्या बाबतीतही गेला पाहिजे. उपसा होणाऱ्या विहिरीचे पाणीच गोड राहते; स्नायू, बुद्धी आणि स्नेह या तिन्हींचा नियम हाच आहे.

घरच्याच संस्था

या उपायांसाठी परदेशी आदर्श शोधण्याचे आपणास कारण नाही. आषाढीच्या वारीचे उदाहरण घ्या. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटरांचे अंतर जवळजवळ तीन आठवड्यांत पायी तोडणाऱ्या वारकऱ्यांत पन्नाशी-साठी उलटलेल्या शेतकरी स्त्रीपुरुषांची संख्या किती मोठी असते, हे ज्याने पालखी पाहिली त्याला सांगावे लागत नाही. भक्ती हा वारीचा प्राण आहे, आणि तिला व्यायामाचे साधन म्हणणे अनुचित होईल; परंतु तिची व्यवस्था अभ्यासण्यासारखी आहे. प्रत्येकजण कोणत्या ना कोणत्या दिंडीचा असतो, दिंडीचा क्रम ठरलेला असतो, विणेकरी, टाळकरी, पखवाजी, डोईवर तुळस घेणारी माउली अशी ज्याची त्याची जागा असते. आणि मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावून दिंड्यांची गाऱ्हाणी ऐकतो व हरवल्या-सापडल्याचा पुकारा करतो. हजारोंच्या त्या समुदायातही कोणी बेवारशी राहू नये, अशी ही तजवीज आहे.

गावोगावची भजनी मंडळे वर्षभर हेच कार्य लहान प्रमाणावर करीत असतात. आपल्याकडील भिशीचेही तसेच. जपानच्या ओकिनावा बेटावरील दीर्घायुषी लोकांची कीर्ती आज जगभर झाली आहे. त्यांच्याकडे 'मोआई' नावाची पद्धत आहे, तीत काही स्नेही ठराविक मुदतीने एकत्र जमतात, वर्गणी गोळा करतात, ती आळीपाळीने ज्याच्या त्याच्या गरजेला देतात, आणि ही मंडळी पुष्कळदा जन्मभर एकत्र राहतात. आपल्या चाळींतील आणि वाड्यांतील स्त्रिया ज्या भिशीसाठी महिन्याच्या ठराविक दिवशी एकत्र जमतात, तिची घडण याहून निराळी नाही. पैशाच्या निमित्ताने हजेरी अनिवार्य होते, आणि हजेरीच्या निमित्ताने सुखदुःख बोलले जाते.

शहरांतही साधने कमी नाहीत. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही श्रोते जमविते. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि मुंबईचे १८९८ पासून वाचकांसाठी उघडे आहे. पर्वतीच्या पायऱ्या आणि वेताळ टेकडीच्या वाटा पहाटेपासून माणसांनी गजबजतात, आणि शिवाजी उद्यानाचा कट्टा संध्याकाळी. मुंबईच्याच एका उद्यानात १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला, त्याचे अनुकरण पुढे देशोदेशी झाले. जिल्ह्याजिल्ह्यांतून ज्येष्ठ नागरिक संघ उभे आहेत. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळानेही निवृत्तीकडे झुकलेल्या मराठी लोकांसाठी 'उत्तररंग' या नावाने उपक्रम चालविला आहे. कारण तेथे नोकरीत आयुष्य घालविलेल्या पिढीपुढेही हाच प्रश्न, अधिक मोठ्या अंतरांच्या प्रदेशात, उभा आहे.

परंतु संस्थेचे नाव नोंदवून वर्गणी भरल्याने काही साधत नाही. टिकाऊ संगतीची काही लक्षणे आहेत, ती पारखून घ्यावीत. वेळ ठरलेली असावी, म्हणजे दर वेळी नव्याने निश्चय करावा लागत नाही. मंडळी इतकी थोडी असावीत, की एकाची जागा रिकामी राहिल्यास ती दिसावी. प्रत्येकाकडे काही काम असावे, मग ते सतरंजी घालण्याचे असो, हिशेब लिहिण्याचे असो, की पेटी वाजविण्याचे असो. कारण केवळ श्रोता म्हणून येणारा मनुष्य पावसाच्या पहिल्या सरीला घरी राहतो, आणि ज्याच्याकडे किल्ली असते तो छत्री घेऊन निघतो. शेवटचे लक्षण असे, की शक्यतो निरनिराळ्या वयांची माणसे एकत्र असावीत. समवयस्कांच्या मेळाव्यात दुखण्यांचीच चर्चा प्रबळ होण्याचा संभव असतो, आणि वर्षे जातात तसा तो मेळावा विरळ होत जातो.

दोन चरित्रे

वरील सर्व लक्षणे ज्यांच्या आयुष्यात एकवटलेली दिसतात, असे एक पुरुष महाराष्ट्रात होऊन गेले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ चा. हिंगण्याच्या आश्रमासाठी ते फर्ग्युसन कॉलेजातील अध्यापन आटोपून पुण्याहून चार मैलांची वाट ऊनपावसात पायी तुडवीत, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या कार्याचा केवढा भाग पन्नाशीनंतरचा आहे, इकडे आपले लक्ष क्वचितच जाते. १९१४ साली ते कॉलेजातून निवृत्त झाले, आणि १९१६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे ज्या वयात आज महाराष्ट्र शासन आपल्या नोकराला निरोप देते त्या वयात, त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. एकाहत्तराव्या वर्षी ते विलायतेस निघाले. माल्व्हर्न, जिनीव्हा आणि एल्सिनोर येथील शिक्षणपरिषदांना हजर राहिले, बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांना भेटले, पुढे अमेरिका व जपान करून परतले, आणि लवकरच आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले, आणि शहाऐंशीव्या वर्षी समता संघ. १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले, आणि १९६२ साली, एकशे चार वर्षांचे होऊन, ते निवर्तले. एवढ्या दीर्घायुष्याचे श्रेय कोणत्याही एका कारणाला देणे शास्त्राला धरून होणार नाही. तरी इतके निश्चित म्हणता येईल, की लहानमोठ्या देणग्यांसाठी दारोदार जाणे हे त्यांनी स्वीकारलेले काम असे होते, की ते चालल्याशिवाय आणि माणसांना भेटल्याशिवाय होऊच शकत नसे.

दुसरे चरित्र बैठ्या व्यासंगाचे आहे, आणि ते मुद्दाम सांगतो; कारण प्रत्येकाची प्रकृती कर्व्यांसारखी फिरतीची नसते. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा जन्म १८८० चा. त्यांच्या 'धर्मशास्त्राचा इतिहास' या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड १९३० साली, म्हणजे नेमका पन्नासाव्या वर्षी, प्रसिद्ध झाला, आणि पाचवा खंड १९६२ साली, ब्याऐंशीव्या वर्षी, पूर्ण झाला. मधल्या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राज्यसभेचे सदस्य झाले, आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीशी त्यांचा संबंध अखंड राहिला. इतका प्रचंड ग्रंथ एकट्याने लिहिला असला, तरी त्याचा कर्ता विद्वानांच्या, वकिलांच्या आणि संस्थांच्या वर्तुळातून कधी बाहेर गेला नाही. त्यांना १९६३ साली भारतरत्न मिळाले, ते ज्या कार्यासाठी, त्याचा पहिला छापील खंडच पन्नाशीत जन्माला आला होता.

ज्यांची वाट अधिक बिकट

अशी थोर उदाहरणे देताना सामान्य माणसांच्या अडचणी नजरेआड करणे अन्यायाचे होईल. गृहिणीला सेवानिवृत्तीचा हुकूम कधीच मिळत नाही. तिची हालचाल थांबत नाही, परंतु ती ओट्यापाशी उभे राहण्याची व वाकण्याची एकसुरी हालचाल असते. आणि आपल्याकडे सरासरीने शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास मासिक पाळी थांबल्यानंतर काही वर्षे हाडे झपाट्याने विरळ होत असल्यामुळे, नेमक्या याच वेळी तिला पायांवर भार देणाऱ्या चालण्याची आणि बळ वाढविणाऱ्या व्यायामाची अधिक गरज असते. तिचा तो एक तास घरच्यांनी मोकळा करून दिला पाहिजे; नातवंडांच्या शाळेच्या वेळा आणि पाहुण्यांचा चहा यांनी तो गिळंकृत करू नये. विधुरांच्या मानाने विधवांची संख्या आपल्या समाजात कितीतरी अधिक आहे, आणि मंगलकार्यांत त्यांना मागे ठेवण्याची जी रूढी अद्याप पुष्कळ ठिकाणी तग धरून आहे, ती केवळ अन्यायकारकच नव्हे, तर प्रकृतीलाही घातक आहे, हे या प्रकरणातील पुराव्यांवरून स्पष्ट व्हावे.

पुरुषांची अडचण निराळी असते. पुष्कळ घरांत नातेवाइकांची वास्तपुस्त, सणावारांची देवाणघेवाण आणि शेजाऱ्यांशी असलेला घरोबा हे सारे पत्नीच्या हाती असते. ती गेली, म्हणजे एकाच घावाने सोबत आणि सोबतीकडे नेणाऱ्या सर्व वाटा तुटतात. म्हणून पुरुषाने पन्नाशीतच आपल्या बहिणीस, मेहुण्यास, जुन्या मित्रास स्वतः पत्र वा दूरध्वनी करण्याची सवय लावून घ्यावी. खेड्यातील शेतकऱ्याच्या अंगाला श्रमांची वाण नसते, पण मुले शहरांकडे गेल्यामुळे पारावरची मंडळी विरळ होत चालली आहे. तर पुण्या-मुंबईत मुले परदेशी गेलेल्या घरांत पडद्यावर रोज भेट होते, परंतु हाताला हात लागत नाही. अशा भेटींचे मोल मोठे आहे. मात्र त्यांनी शेजारच्या दारावरची थाप अनावश्यक ठरत नाही.

आरंभ

आरंभ लहान असावा, आणि तो पन्नाशीत, नोकरी चालू असतानाच, करावा. कारण साठाव्या वर्षी नवी ओळख करून घेण्यास जो संकोच वाटतो, तो पन्नासाव्या वर्षी तितकासा वाटत नाही. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार वा सांध्यांचे दुखणे असेल, तर वैद्याचा सल्ला घेऊन मगच पाऊल उचलावे, आणि पहिल्या महिन्यात उत्साहाच्या भरात गुडघे दुखावून घेऊ नयेत. रोजच्या चालण्याला एक सोबती, आठवड्याला एक मंडळ, आणि ज्यात आपला उपयोग इतरांना होतो असे एक काम, इतकी तरतूद कोणत्याही उत्पन्नाच्या माणसाला करता येण्यासारखी आहे.

आणि या तरतुदीत एक गोष्ट स्वतःकडे घ्यावी. आपली विचारपूस व्हावी असे ज्याला वाटते, त्याने दुसऱ्याची विचारपूस आधी सुरू करावी. टेकडीवर, वाचनालयात, भजनात वा बाकावर नित्य दिसणारा मनुष्य चार दिवस दिसला नाही, तर त्याचा पत्ता काढून त्याच्या घरी जावे; तो आजारी असेल तर त्याला औषधाआधी आपला उपयोग होईल, आणि केवळ कंटाळला असेल तर तो दुसऱ्या दिवशी आपल्याबरोबर निघेल. असे दहा जण ज्या आळीत असतील, त्या आळीतील कोणाही वृद्धाला आपण मोजणीतून सुटलो असे वाटण्याचा प्रसंग येणार नाही. आणि ते दहा जण स्वतःही, दुसऱ्यांच्या दारांपर्यंत चालत जाता जाता, आपली प्रकृती राखतील.